पुढच्या सीटवरची बाई

धक्क्यावर त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. बोट अजून लांब ठिपक्याएवढी असली तरी हा आपला सुरू. दोर धरणाऱ्याशी बोलायचा, तिकिटं फाडणाऱ्याशी बोलायचा, आणि कोणीच हाताशी लागलं नाही तर बॉनेटवर हात ठेवून स्वतःच्या जीपशी. पाहुणे उतरले की त्यांच्या पिशव्या मागच्या सीटखाली कोंबता कोंबता तो सांगून टाकायचा, "घाबरू नका मंडळी, या बेटावर हरवायची सोयच नाही. रस्ता एकच आहे, आणि त्यातले सगळे खड्डे माझ्या ओळखीचे आहेत." गाडी सुरू व्हायच्या आत लोक हसायला लागलेले असायचे.

तळं म्हणावं तर पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्र म्हणावं तर पाणी गोड. अशा पाण्याच्या मधोमध ते बेट लांबच लांब पसरलेलं होतं. एका अंगाला उतरती वाळू, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेले कडे. मामाच्या जीपवर क्लीनर म्हणून तो लहानपणीच चढला, मामाची नजर अधू झाल्यावर स्टिअरिंग त्याच्या हाती आलं, आणि मग आयुष्यभर तीच फेरी. आधी पांढरा कडा. तो मधोमध दुभंगलेला आहे आणि बेट राखणारा देव त्या फटीत राहतो असं मानतात, म्हणून त्यावर कोणी चढत नाही, लांबूनच हात जोडतात. मग चालणारी झाडं. वाऱ्यानं खालची वाळू उडून गेल्यामुळे त्यांची मुळं पायांसारखी उघडी पडलेली आहेत. मग पाझरणारी गुहा, जिथे ओंजळभर पाणी प्यायचं आणि आत असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि शेवटी उत्तरेचं टोक, जिथे रस्ता संपतो आणि तिन्ही बाजूंना नुसतं पाणी.

यातलं काहीही त्यानं कधी दोनदा एकसारखं सांगितलं नाही. त्यातून त्याच्या हुकमी गोष्टी म्हणजे बायकोच्या. बायको कशी तोंडाळ आहे, ती बोलायला लागली की कोंबड्या कशा आपसूक खुराड्यात जातात, तिच्याशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून कसं बसावं लागतं. पाहुणे डोळे पुसत हसायचे. बायकांना तर त्या न पाहिलेल्या बाईचा लळाच लागायचा. "सांभाळा हो तिला," असं निरोप घेताना म्हणायच्या.

आणि हाच माणूस संध्याकाळी घरी आला की बंद.

घर म्हणजे लॉजच्या धुलाईघरामागच्या दोन खोल्या. बायको त्याच धुलाईघरात कामाला होती. ती पलीकडच्या काठावरून लग्न होऊन आली, भरल्या घरातून, पाच बहिणींमधून, जिथे बोलायला मिळावं म्हणून आवाज चढवावा लागे. नवीन असताना दिवसभराच्या गमती साठवून ती त्याची वाट बघत बसायची. एकदा अशीच ती रंगात येऊन काही सांगत होती, तर तो म्हणाला, "अगं, दिवसभर बोलून बोलून तोंड दुखतं माझं. घरी तरी जरा शांत बसू दे."

रागानं म्हणाला नव्हता. म्हणून झाल्यावर विसरूनही गेला. पण तिनं ते मनावर घेतलं. पुढे मुलगी झाली, चुरुचुरु बोलायला लागली, तर तिलाही आई ओठांवर बोट ठेवून सांगायची, "बाबा आलेत." त्या घरात भांडी आवाज न करता खाली ठेवली जायची, दार हलकेच लोटलं जायचं. असा नियम कोणी केला नव्हता. तो आपला येऊन बसला होता, आणि त्याला ऊठ म्हणायचं कोणाला सुचलं नाही. तो जेवायचा, एखादा सैल झालेला स्क्रू घट्ट करायचा, झोपायचा. मुलगी मोठी झाली, शिकली, पलीकडे एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली.

धुलाईघरात खोल्या आवरणाऱ्या पोरी चादरींचे ढीग घेऊन येत. "काकू, काल आलेल्या बाई सांगत होत्या, तुमच्या मिस्टरांनी हसवून हसवून मुरकुंडी वळवली म्हणे!" ती चादर झटकत "हो का" म्हणायची. तिला खरंच वाटायचं, लोक चांगले असतात, म्हणून चांगलं बोलतात. किंवा दुसऱ्या कुठल्यातरी जीपवाल्याबद्दल बोलत असतील.

मग तिच्या पायांना सूज यायला लागली. इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहिलं की दम लागे. तो तिला बोटीनं पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या, वाफेत काम करू नका, ओझं उचलू नका म्हणून सांगितलं, आणि त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावून हळू आवाजात सांगितलं की हृदय फार दमलंय, हा हिवाळा निघणं कठीण.

परतीच्या बोटीत दोघं लाकडी बाकावर शेजारी बसली. डॉक्टर काय म्हणाले हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं धुक्यातून बेट वर यायला लागलं. ती बघत राहिली.

"केवढं मोठं आहे हो हे," ती म्हणाली.

"हं."

"मला दाखवाल?"

"काय?"

"बेट. लोकांना दाखवता तसं."

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हिनं गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपुढे बेट पाहिलेलंच नाही. सीझनमध्ये तो फेऱ्या मारायचा आणि ती त्याच पाहुण्यांच्या चादरी धुवायची. सीझन संपला की रस्ता बर्फाखाली जायचा.

"रविवारी नेतो," तो म्हणाला. "आपण दोघंच जाऊ. आरामात."

"दोघंच नको. लोक असतील तेव्हाच न्या. मी आपली पुढे बसेन. आणि मी कोण ते सांगू नका कोणाला."

"का गं?"

"माझ्यामुळे गप्प बसाल मग."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हवा कशी आहे हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

त्या रविवारी गाडीत एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको होती, शिवाय कॉलेजच्या जुन्या तीन मैत्रिणी. ती पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स धरून, बाहेरगावची असल्यासारखी. आणि रेडिओची जीभ टाळूला चिकटलेली. पांढऱ्या कड्यापाशी त्यानं "हा कडा" एवढंच म्हणून हात दाखवला. सगळे उतरले, लांबून हात जोडले, परत चढले. तिनं मात्र फटीत शिरणाऱ्या पाण्याकडे वळून वळून पाहिलं.

"आम्हाला तर सांगितलं होतं, ड्रायव्हर फार बोलका आहे," पोस्टमास्तर मागून म्हणाले.

"आज दाढ दुखत असेल," त्यांच्या बायकोनं त्याची बाजू घेतली.

चालणाऱ्या झाडांपाशी मात्र तिघींपैकी एकीनं विचारलं, या झाडांची मुळं अशी वर कशी आली, आणि सवयीनं त्याच्या तोंडाचा ताबा घेतला. "काय सांगू ताई, पूर्वी ही झाडं गावातच राहायची. पण शेजाऱ्यांशी पटेना. निघाली मग तरातरा. इथपर्यंत आली आणि भांडण कशावरून होतं तेच विसरली, म्हणून थांबलीत. आमच्या घरीही तेच. बायको सुरू झाली की मी कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला बाहेर पडतो. तिला वाटतं, नवरा किती कष्टाळू. आता आमची लाकडं संपली, शेजाऱ्यांचीही फोडून झाली..."

मागे हशा पिकला, आणि मग त्याला आठवलं. मान न वळवता त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती.

"पण एवढं बोलते तरी काय ती?" ती म्हणाली.

"अं?"

"तुमची बायको. काय बोलते एवढं?"

मागचे सगळे कान देऊन बसले. त्यानं गिअर बदलला, घसा साफ केला. "काय बोलत नाही ते विचारा! काल म्हणाली, तुमच्या गाडीला भोंगा कशाला, मला बसवा पुढे."

"मग बसवायचं की."

"बसवलं तर पाहुण्यांना खरं काय ते कळेल ना हो!"

पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली. ती विचारत गेली, तो सांगत गेला. गुहेपर्यंतचा रस्ता कसा सरला कोणाला कळलं नाही. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा पोस्टमास्तरांच्या बायकोनं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"एकट्याच आलात का ताई?"

"हो. नवरा कामाला गेलाय," ती म्हणाली.

गुहेत ओल होती, अंधार होता. छतातून पाणी थेंबाथेंबानं दगडातल्या खळग्यात पडत होतं. सगळ्यांनी न बोलता ओंजळी भरल्या. ती त्याच्या शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लागेल इतकी. बाहेर उजेडात आल्यावर ती त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "इथे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं."

तो आधी हसला, कारण तिनं ते हसूनच म्हटलं होतं. टोकापर्यंत गाडी चालवताना ते हळूहळू त्याच्या आत गेलं.

संध्याकाळी घरी तिनं चहा केला आणि समोर बसली. "बोला ना काहीतरी."

त्यानं तोंड उघडलं. भिंत पाहिली, शेगडी पाहिली, खुंटीवरचा टॉवेल पाहिला. "काय बोलू?"

"ते शेजाऱ्यांच्या लाकडांचं. पुढे काय झालं?"

"ते खोटं असतं गं सगळं."

"माहीत आहे," ती म्हणाली. कप रिकामा होईपर्यंत तिनं वाट पाहिली, मग दोन्ही कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जीपमध्ये येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. धुलाईघर सुटलंच होतं. धक्क्यावरच्या लोकांना त्यानं सांगितलं, डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितलीय. पाहुणे रोज नवे असल्यामुळे ती रोज नव्यानं एकटी आलेली बाई व्हायची. कधी ती कोणा शेतकऱ्याची बायको असे, कधी सरकारी कारकुनाची. तिला हे इतकं छान जमतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या विनोदावर ती असा काही टोला हाणायची की लोकांना वाटे, हे ठरवून आलेत की काय. गोष्टीतली जी तोंडाळ, हजरजबाबी बायको त्यानं इतकी वर्षं लोकांना सांगितली होती, ती हुबेहूब त्याच्या शेजारी बसलेली होती. आणि घरी आयुष्यभर जी वावरली, ती पायांचा आवाज न करता चालणारी बाई त्यानंच घडवली होती. हे त्याला एका दुपारी टायर बदलताना लख्ख कळलं. हातातला पाना तसाच धरून तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मागून कोणीतरी विचारलं, जॅक अडकलाय का.

मग तो तिच्यासाठी बोलायला लागला. तोंड पाहुण्यांकडे, शब्द तिच्याकडे. टोकावरून परतताना एकदा सोसाट्याचं वारं होतं आणि मागे एक नवपरिणीत जोडपं होतं.

"अशाच वाऱ्यात एक मुलगी आली होती हो बोटीनं," तो म्हणाला. "आईबापांबरोबर, स्थळ बघायला. धक्क्यावर पाय ठेवला आणि पहिलं काय केलं असेल? समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नव्याकोऱ्या बुटांवर ओकली. सगळे ओशाळले. हिनं रुमाल काढला, खाली बसून बूट पुसले, वर बघून म्हणाली, 'बूट छान आहेत हो.' चेहरा पांढराफटक, पाय लटलट कापतायत, आणि बूट छान आहेत! त्या माणसानं तिथेच ठरवलं, करीन तर हिच्याशीच."

"सांगितलं का त्यानं तिला कधी?" नवरीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "राहूनच गेलं."

पुढच्या सीटवरच्या बाईनं तोंड खिडकीकडे केलं होतं. गाव येईपर्यंत ते तसंच राहिलं.

पानं गळायला लागली तशी तिची ताकद उतरत गेली. सीटवर चढता येईना म्हणून त्यानं लाकडी खोक्याची पायरी करून दिली. मग एका सकाळी पायरीवर एक पाय ठेवून ती तशीच उभी राहिली, दाराला धरून. "आज राहू द्या," म्हणाली. त्यानं पाहुण्यांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं आणि तिला हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर ती पुन्हा गाडीत बसली नाही.

बोटी बंद व्हायच्या सुमाराला मुलगी सुट्टी काढून आली. आईचा पलंग शेगडीच्या खोलीत हलवला होता. नवराबायको दोघंच असली की तो तिचे पाय चेपायचा, "गोळी घेतलीस?" विचारायचा, आणि पुढे त्याला काही सुधरायचं नाही. पण मुलगी सुपाची वाटी घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसली, की त्याला कंठ फुटायचा. "तुला माहितीये का, तुझ्या आईनं त्या दिवशी पोस्टमास्तरांना काय सांगितलं..." मग टोकाचं सांगायचा, गुहेचं, लग्नानंतर पहिल्यांदा छप्पर गळलं त्याचं. आवाजात तोच चढउतार, तेच हात. बायको डोळे मिटून ऐकायची, मधूनच ओठ हलायचे, म्हणजे हसू यायचं.

मुलगी बघत राहायची. एकदा बाहेरच्या खोलीत कपडे पिळताना ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं हे सगळं कुठे होतं?"

"काय?"

"मी शाळेतून येऊन काही सांगायला लागले की आई तोंडावर बोट ठेवायची. मला वाटायचं, तुम्हाला आमचा राग येतो."

त्याच्या हातात शेगडीसाठी आणलेली लाकडं होती. "राग नव्हता गं."

"मग?"

"दमायचो."

खरं तेच होतं, आणि बोलल्यावर ते काहीच नसल्यासारखं वाटलं. मुलीनं हातातला कपडा जोरात पिळला, झटकला, दोरीवर टाकला. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "हं. छप्पर गळलं, पुढे?" आईला ते हवं होतं म्हणून.

बायकोच एकदा त्याला म्हणाली, "तुम्हाला तिसरं माणूस लागतं."

"लागतं खरं."

"असू दे." बराच वेळ श्वास गोळा करून तिनं पुढचं वाक्य म्हटलं. "मी तिसरं माणूस होऊन ऐकलं की."

ती गेली तेव्हा सकाळ होती. मुलगी दूध आणायला गेली होती. बाहेर बर्फ पडत होतं, धुलाईघराचा बॉयलर बंद असल्यामुळे भिंत गार होती. तिची पावलं त्यानं मांडीवर घेतली होती. श्वास थांबून थांबून येत होता. आपण आता काहीतरी बोललं पाहिजे हे त्याला कळत होतं. कडा, झाडं, बूट, सगळं ओठांपर्यंत आलं, पण आलं ते पाहुण्यांच्या आवाजात. तो आवाज या वेळी त्याला नको होता. दुसरा तो शोधत होता. शोधता शोधता दोन श्वासांमधली जागा लांबत गेली आणि पुढचा श्वास आला नाही.

मुलगी दारात बूट झटकून आत आली, आणि दुधाचं भांडं हातात घेऊन उभीच राहिली.

"काही म्हणाली का?"

"नाही."

"तुम्ही?"

त्यानं मान हलवली.

बर्फ वितळलं, बोटी सुरू झाल्या. मुलगी कामावर परत गेली. माझ्याकडे चला म्हणाली होती, पण तो गेला नाही. जीप धुतली, बॅटरी चार्ज केली आणि धक्क्यावर उभा राहिला. पुढची सीट रिकामी ठेवावी असं त्याच्या मनात होतं, पण पहिल्याच फेरीला एक जाडेलसे गृहस्थ बॅगसकट तिथे बसले आणि त्याला काही म्हणवलं नाही. कडा दाखवला, झाडं दाखवली. सांगायचं ते नीट सांगितलं. लोक हसलेही थोडे. बायकोच्या गोष्टी मात्र त्यानं काढल्या नाहीत, आणि नव्या पाहुण्यांना त्या ठाऊक नव्हत्या म्हणून कोणी मागितल्याही नाहीत.

एके दिवशी ते मागच्या वर्षीचे पोस्टमास्तर पुन्हा आले, या वेळी लेक-जावयाला घेऊन. वाटेत त्यांना आठवलं.

"अहो, गेल्या वर्षी इथे पुढे एक बाई बसल्या होत्या. काय मजेशीर होत्या! कोण होत्या हो त्या?"

"माझी बायको," तो म्हणाला.

मागे जो हशा उसळला तो थांबेना. "बघा, मी सांगत होतो ना, हा असाच आहे," पोस्टमास्तर जावयाला म्हणाले. त्यानं त्यांना हसू दिलं. पुढे चढ होता, गिअर बदलावा लागला.

त्या संध्याकाळी त्यानं मुलीला फोन लावला. एरवी रविवारी तीच करायची आणि दोघं तब्येत, हवा, जेवण एवढं बोलून ठेवायची.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं.

"काही नाही. आज एकानं विचारलं, पुढे बसायची ती बाई कोण."

"मग?"

"खरं ते सांगितलं. हसले सगळे."

मग मुलगी नाक ओढत म्हणाली, "थांबा, शेगडीवरचं उतरवून येते," आणि परत आल्यावर तिच्या दवाखान्यातलं सांगायला लागली. सकाळी एका म्हातारीनं रांगेत कसं भांडण काढलं, दोघी बायकांनी तिला कसं उचलून बाकावर बसवलं, डॉक्टर आले तरी ती कशी ऐकेना. गोष्ट लांबत चालली होती. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला, पाय पसरले, आणि मधे मधे "मग?" म्हणत ऐकत राहिला.